हाय तरी सांगणार नाय, नाय तरी सांगणार नाय

सुवर्णा म्हात्रे आमच्या दवाखान्यात आली आणि पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडली. मी रोह्याच्या शाखेत नोंदणीच्या काउंटरवर. माझ्या संगणकाचा पासवर्ड मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, संकष्टीच्या चौकटीत, ठळक लिहून ठेवला होता. का, तर मी रजेवर गेले तर कुणाचं अडू नये. ह्या व्यवस्थेचं मला स्वतःला फार कौतुक होतं. ही बाई आली. उंच, सावळी, खांद्याला पोत्याएवढी बॅग. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टर्रकन पानच फाडलं.

“अहो बाई, महिना अजून संपायचाय!” मी ओरडले.

“महिना चालू दे. हे दुकान बंद,” ती म्हणाली, आणि पानाचे बारीक तुकडे करून केराच्या टोपलीत टाकून मोकळी झाली. दुपारी डबा खायला मात्र माझ्याच समोर येऊन बसली. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. साऱ्या कचेरीभर वास. “घे गो, रागावलीस काय?” म्हणत अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवली. रागावले होतेच, पण चटणी झकास होती.

तिचं काम काय, हे आम्हाला धड कळत नव्हतं. “कॉम्प्युटरवाल्या मॅडम” एवढंच. संस्थेचं मोठं रुग्णालय पेणला, धाकटी शाखा आमची, रोह्याची. दहा जणांनी दहा वेळा घर वाढवावं तसं आमच्या माहितीचं झालं होतं. पेणच्या पेशंटांची नोंद एका डेटाबेसमध्ये, रोह्याची दुसऱ्यात. रक्त तपासणीच्या मशीनचा कारभार स्वतंत्र. एक्स-रेची चित्रं आणखी कुठे. औषधाच्या दुकानाचं सॉफ्टवेअर एका ट्रस्टींच्या भाच्याने हौसेनं केलेलं, तो भाचा पुढे परदेशी गेलेला. कंपन्यांच्या कामगारांची वर्षाची तपासणी निराळी, आणि वरच्या मजल्यावर मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात, त्यांचं निराळं. डॉक्टरांना एका पेशंटचं सगळं बघायचं तर चार ठिकाणी शोधावं लागे. सुवर्णाला आणलं होतं ते हे सगळं जोडायला. ती म्हणायची, जोडीन, पण जोडायच्या आधी दारं बसवीन.

तिची दारं म्हणजे काय ते आम्हाला हळूहळू कळलं, आणि आवडलं तर मुळीच नाही. औषधवाल्याला औषधापुरतं दिसेल. लॅबला लॅबपुरतं. मला नाव, गाव, वय, कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं, बस्स. आधी मला सगळं दिसायचं. खोटं कशाला बोलू, तेव्हा दिवस बरा जायचा. आणि आमच्याकडे त्यात वाईट असं कुणाला वाटतच नव्हतं हो! बाजारात भेटली की आमची बिलिंगची बाई मोठ्या मायेनं म्हणायची, “अगो, तुझ्या सासूची साखर वाढलीय, भात कमी घाल.” सासूने सुनेला सांगितलेलं नसायचं, पण बिलिंगने सांगितलेलं असायचं. तालुक्याची जागा. आपलीच माणसं. काळजी वाटते म्हणून सांगायचं.

ह्या काळजीनं काय होतं ते सुवर्णाने आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलं. खांब गावची एक बाई पेणला आली होती. छातीत गाठ. फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, रोह्याचा दवाखाना इतका जवळ, तिथे आधी का नाही गेलात? बाई म्हणाली, तिथे आमच्या भावकीतली पोरगी कामाला आहे. गाठ तिला कळली की गावाला कळली, आणि माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत.

एवढं सांगून सुवर्णाने निवलेला चहा बाजूला सारला.

“ती बाई आपल्याला घाबरली,” ती म्हणाली. “आजाराला नाय, आपल्याला. मना एवढंच करायचं हाय. पुढच्या बाईनं बिनघोर यायला पायजे.”

बिलिंगची बाई त्या दिवशी बाजारातून न जाता मागच्या वाटेनं घरी गेली. मी पण.

सुवर्णा धरमतरच्या खाडीकडची. वडील मिठागरात होते. शिकली मुंबईला, मोठ्या कंपनीत काम करून आली, इंग्रजी फाडफाड बोलायची, पण आमच्याशी बोलताना तिची बोली खाडीचीच. आवाज असा की ती पेणला बोलायला लागली की रोह्यात ऐकायला फोन लागत नाही, असं आमचे लॅबवाले काका म्हणायचे. मऊपणा, नम्रपणा तिच्या वाट्याला आलाच नव्हता. आपल्याला काम येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ती सांगायची पण. “मी हाय म्हणून चाललंय हे,” असं चारचौघांत म्हणायची. चिडायला व्हायचं, पण खोटं काय होतं त्यात?

कुणी संगणक उघडा टाकून जेवायला गेलं की ही हळूच जाऊन पडद्यावर मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवायची, “मी जेवाया गेलेय. या, बसा, हवं ते बघा.” एकदा तर आमच्या मोठ्या सर्जनसाहेबांच्या पडद्यावर लिहिलं. साहेब लालबुंद झाले. मग हसले. मग त्यांनी त्यांच्या सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना दम भरला.

डेटाबेस जोडायची वेळ आली तेव्हा पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची दोन मुलं आली होती. गुणी होती, मनापासून काम करायची. त्यांचा हिशोब सरळ होता. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव आणि वय जुळलं की माणूस एकच, दोन नोंदींची एक करायची. सुवर्णाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आधी नकलेवर चालवा. खऱ्याला हात लावायचा नाय.” मुलांनी नकलेवर चालवलं. संध्याकाळी हिने निकाल बघायला घेतला आणि खाडीकाठच्या गावांची यादी आधी उघडली. थोड्याच वेळात तिची हाक आली, “वैजू, इकडं ये गो! ही बघ, दोन हिराबायांची एक केली.”

खरंच. हिराबाई पाटील, नवरा हरिश्चंद्र, गाव तेच, वयही जवळपास तेच. आमच्याकडे अख्खी गावं पाटलांची, नाहीतर म्हात्र्यांची. नावंही तीच तीच, आजीचं नातीला, आजोबांचं नातवाला. हिराबाई दोन, हरिश्चंद्रही दोन. एकीला एक इंजेक्शन चालत नव्हतं, जिवावर बेतलं असतं. दुसरीला तेच डॉक्टर नेहमी देत होते. दोघींची एक झाली असती तर काय झालं असतं, ह्या विचारानं त्या मुलांचे चेहरे उतरले.

“मॅडम, मग तुमच्या गावात लोक ओळखतात कसे एकमेकांना?” त्यातल्या एकाने विचारलं.

“घरावरून,” ती म्हणाली. “आमच्या घराला बांधावरचे म्हणतात. शेजारचे तांडेलाचे. पलीकडचे मास्तरांचे, आता त्या घरात मास्तर कुणी नाय, तरी मास्तरांचेच.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पडद्यावर एक चौकट वाढली. “गावात तुमच्या घराला काय म्हणतात?” मी कपाळाला हात लावला. रांग वाढणार, लोक वैतागणार! पण झालं उलटंच. हा प्रश्न विचारला की म्हाताऱ्या बायका खुलायच्या. “आमाला व्हय? आमाला कोठारवाले म्हनतान गो बाय,” आणि मग कोठार कुणी बांधलं, कधी पडलं, सगळं. रांग वाढली ती वाढलीच. पण त्यानंतर दोघींची एक झाली नाही. पुण्याच्या मुलांनी ती चौकट पुढे दुसऱ्या एका तालुक्याच्या दवाखान्यालाही लावून दिली, आणि ते सांगायला मुद्दाम फोन केला. सुवर्णाने तो फोन स्पीकरवर टाकून आम्हाला सगळ्यांना ऐकवला.

दर शनिवारी रोह्याच्या साऱ्या माहितीची नक्कल एका डिस्कवर घेऊन ती एसटीने पेणला जायची, आणि पेणची नक्कल रोह्यात आणून ठेवायची. इंटरनेटवरून जायचीच एक, पण तिला हातात धरलेली आणखी एक हवी असायची, कशालाही न जोडलेली. डिस्कला आतून कुलूप, पासवर्डाशिवाय एक अक्षर वाचता येणार नाही. “चोरानं नेली तर उशाला घेऊन झोपंल,” म्हणायची. नुसती नक्कल ठेवून तिचं समाधान नव्हतं. अधूनमधून ती नक्कल दुसऱ्या मशीनवर चढवून, सगळं नीट परत येतं का ते तपासायची. आम्ही चेष्टा करायचो. मग एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं आणि सर्व्हरची खोली गेली. पाणी ओसरून चिखल काढेपर्यंत पेणहून ही हजर, साडी खोचून. आम्ही खराटे मारत होतो तोवर वरच्या मजल्यावर हिने सगळं उभं केलं. डायलिसिसचे पेशंट आले, त्यांच्या मागच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी. मला तेव्हा रडू आलं. चेष्टा मात्र त्यानंतर कुणी केली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मनानं फार मोठा माणूस. रोह्याच्या दवाखान्याची जागा त्यांनीच दिलेली. त्यांच्या बहिणीच्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलगी आमच्याच तालुक्यातली, शिकलेली, शाळेत शिकवणारी. दोन्हीकडून पसंती होती. तेवढ्यात बहिणीच्या कानावर कुणीतरी घातलं, मुलगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जाताना दिसते. वरचा मजला म्हणजे मनाचे डॉक्टर. झालं! भाऊ सकाळीच आले आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

“वैजयंती, एवढं बघून सांग. कशासाठी येते?”

“भाऊ, मला वरच्या मजल्याचं दिसत नाही आता.”

“कुणाला दिसतं?”

मी सांगायच्या आत भाऊंनीच ओळखलं. सुवर्णा त्या दिवशी रोह्यातच होती. तिला बोलावलं, मला जा म्हणायचं राहून गेलं, म्हणून मी तिथेच उभी.

“म्हात्रेबाई, मला सविस्तर काही नको,” भाऊ मऊपणे म्हणाले. “काही आहे की नाही, एवढंच. आहे किंवा नाही.”

“हाय तरी सांगणार नाय, नाय तरी सांगणार नाय.”

“अहो, काही नसेल तर नाही म्हणायला काय जातं? मुलीचं भलंच होईल!”

“भाऊ, आज हिच्या वेळी मी नाय म्हटलं,” सुवर्णा म्हणाली, “तर उद्या दुसऱ्या कुणाच्या वेळी मी गप्प बसले, की तिचं कायतरी हाय हे सगळ्यांना कळलं. मग माझं गप्प बसणं पण बोलणंच झालं.”

भाऊ उठले. त्यांचा आवाज चढला. हे हॉस्पिटल कुणी उभं केलं, तुम्हाला कुणी आणलं, हे सगळं झालं. शेवटी म्हणाले, “सोमवारी समितीपुढे या. अध्यक्षाला माहिती नाकारणारा माणूस ठेवायचा की नाही, ते समितीच ठरवील.”

केबिनमधून बाहेर येताच मी सुवर्णाला बाजूला घेतलं. घरी ती एकटी कमावती, आई अंथरुणाला खिळलेली, हे मला ठाऊक होतं. मी तिला समजावलं. “सांगून टाक ना गो. लग्न मोडायचं असेल तर मोडेल, नाहीतर जुळेल. तुझी नोकरी का घालवतेस?” ती माझ्यावर अशी काही खवळली! “मग खांबवाली खरंच बोलली व्हती,” एवढं म्हणून तरातरा निघून गेली. दोन दिवस आम्ही सगळे एकच म्हणत होतो, नक्कीच त्या मुलीचं काहीतरी मोठं असणार, त्याशिवाय ही एवढी ताणणार नाही.

सोमवारच्या बैठकीत इतिवृत्त लिहायला मीच बसले होते. समितीचे सगळे जण खाली मान घालून. भाऊंनी विषय मांडला, आणि विचारलं, “बाई, तुमचं म्हणणं?”

सुवर्णा उभी राहिली. हातात एकच कागद.

“भाऊ, तुम्ही मागं गणपतीच्या दिवसांत पेणला दाखल होता. कुणाची फाईल कुणी उघडली ह्याची नोंद मशीन ठेवतं. तेव्हा सगळी दारं बसवून झाली नव्हती. तुमची फाईल कुठल्या कुठल्या टेबलावर उघडली गेली, ती टेबलं वाचते. माणसांची नावं नाय, तुमचं आजारपण नाय.” आणि वाचायला लागली. “हिशोब विभाग. क्ष-किरण. कपडे धुलाईची नोंद. कॅन्टीनचं बिलिंग. परत हिशोब विभाग. रोह्याचं औषध दुकान...”

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचं दुखणं काय होतं ते मी सांगणार नाही, पण बसायला त्रास व्हायचा असं होतं, आणि त्यांची समजूत होती की ते त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नाही.

“कॅन्टीन?” भाऊ म्हणाले.

“कॅन्टीन,” सुवर्णा म्हणाली. “सगळ्यांनी काळजीपोटीच बघितलं, भाऊ. वाईट मनानं कुणी नाय. तुमच्या बहिणीलाही लेकाची काळजीच हाय.”

मी इतिवृत्तात काय लिहायचं ह्या विचारात पेन धरून बसले होते. मग भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ती दारं,” ते म्हणाले, “सगळी बसली का आता?”

“बसली.”

“मला उघडतात का?”

“नाय.”

“मग ठीक आहे,” भाऊ म्हणाले. “पुढचा विषय घ्या.”

पुढच्या रविवारी भाऊंनी बहिणीला काय सांगितलं ते बहिणीनेच नंतर सगळ्यांना सांगितलं. दवाखान्याला काय विचारतेस, मुलीला विचार, समोर बसून. बहीण मुलाला घेऊन गेली, मुलगी आणि तिचे आईवडील बसले, काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. लग्न झालं. आम्ही सगळे जेवून आलो. आता त्यांना मुलगी आहे, आणि ती सून आजही वरच्या मजल्यावर येते की नाही, हे मला माहीत नाही. पुढच्या तारखा वरच देतात, मला त्या दिसतच नाहीत. आणि आताशा वरच्या मजल्याच्या बाकांवर जागा मिळत नाही, एवढी माणसं येतात. खांबची येतात, कोलाडची येतात, थेट पेणजवळच्या गागोद्याहून पेण सोडून इकडे येतात.

गेल्या वर्षी सुवर्णाला पनवेलच्या मोठ्या रुग्णालयाने बोलावून नेलं. जाईन की नको म्हणत राहिली. भाऊंनीच सांगितलं, जा, आणि निरोपाच्या भाषणात इतके गहिवरले की अर्ध्यातच खाली बसले. समारंभ उरकल्यावर दुपारची गाडी धरायला मी तिला रोह्याच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची होती. आम्ही दोघी उसाचा रस पीत उभ्या. मला राहवेना.

“सुवर्णा, आता तू चाललीस. आता तरी सांग. मी कुणाला बोलणार नाही. त्या मुलीच्या फाईलीत होतं तरी काय एवढं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली.

“मना काय ठाव?”

“म्हणजे?”

“मी उघडलीच नाय गो कधी.”

मला क्षणभर कळलंच नाही. ज्या कागदासाठी ही नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती, तो हिने बघितलाच नव्हता? सगळ्या चाव्या तर हिच्याच हातात!

“अगं, पण समितीपुढे जायच्या आधी तरी? निदान कशासाठी भांडतोय ते बघावंसं नाही वाटलं?”

“वाटलं तर,” ती म्हणाली. “लय वाटलं. पन मी काय तिची डॉक्टर हाय?” आणि ग्लास ठेवून, पदर खोचून, लागलेल्या गाडीकडे धावली. दारात गर्दी होती. तिने कुणाला तरी कोपर मारलं, कुणावर तरी ओरडली, आणि खिडकीची जागा पटकावून तिथून मला हात केला. गाडी पेणच्या दिशेने वळली तरी तिचा आवाज ऐकू येत होता. शेजारी कुणीतरी पाय पसरून बसलं असावं.

मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ह्या बाईसमोर डबा उघडला. माझं बाळंतपण, माझ्या नवऱ्याचं दुखणं, दोन्ही तालुक्यांतल्या घराघरांतलं काय काय तिच्या हाताशी होतं, आणि तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण तिने बघितलं नव्हतं. अभिमान कशाला म्हणतात ते मला त्या स्टँडवर कळलं. माझी मैत्रीण आहे ती. मी कुणालाही सांगेन.

काउंटरवर परत आले तर रांग दारापर्यंत गेलेली. पहिलीच बाई, डोईवरचा पदर नीट करत, काचेच्या भोकाशी तोंड आणून हळूच म्हणाली, “बाय, मना वरच्या मजल्यावं जायचं हाय. गावात कुनाला कलनार नाय ना?”

“नाय कळणार,” मी म्हटलं. “वर काय बोललात ते मला पण नाय.”

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि नाव सांगायला लागली.